खाऱ्या पाण्यावर मोजलेला वायू

२०१९ सालची गोष्ट. माझी नात प्रणाली तेव्हा दहावीत होती. आमचं गाव पेणच्या खाडीकाठचं, घरचं मिठागर तोवर चालू होतं. माझा मुलगा गणराज, म्हणजे प्रणालीचा बाप, बंदरावर ट्रेलर चालवायचा. पोरीला पुढे सायन्स घ्यायचं होतं आणि गणराजला ते मान्य नव्हतं. "रोजची पेणला ये-जा, वर क्लास. आर्ट्स घे, घराजवळ हाय."

शेवटी बाप-लेकीत ठरलं. पालीला विज्ञान प्रदर्शन होतं. तिथे परीक्षक सांगतील तेवढा वायू तिने बरोबर काढून दाखवला, तर सायन्स. नाहीतर विषय संपला.

प्रयोग दिसायला साधा. बाटलीत व्हिनेगर, त्यात खायचा सोडा. फसफसून निघालेला वायू नळीतून पाण्याने भरलेल्या उपड्या बरणीत जायचा आणि पाणी खाली ढकलायचा. बरणीवर मापाच्या रेघा.

मी म्हटलं, "वायू दिसत न्हाय, मग किती निघंल ते आधीच कसा सांगशील गो?"

"आजी, तू मिठाचे दाणे मोजतेस? पाट्याच मोजतेस ना? तशी रेणूंची पाटी म्हणजे मोल. सोड्याची पाटी चौऱ्याऐंशी ग्रॅमची. तेवढ्यातून वायूचीपण एकच पाटी निघते. बर्फाच्या थंडीत ती बावीस लिटरच्या जरा वर भरते. आपल्या उकाड्यात वायू फुगतो, म्हणून पंचवीसच्या आसपास."

हिशेब चोख होता, पण वायू दर वेळी कमी भरायचा. तिच्या विज्ञानाच्या किशोरीबाईंनी सोनाराकडचा काटा मागून आणला, तरी कमीच. पोर रडकुंडीला आली.

मग एका दुपारी मिठागराच्या बांधावर माझ्याशेजारी बसली असताना ती एकदम म्हणाली, "आजी, प्यायच्या सोडावॉटरच्या बाटलीत गॅस पाण्यातच मुरलेला असतो. आपलं विहिरीचं पाणी माझा वायू पितंय! या पाण्यात मिठानेच जागा ठेवली न्हाय, हे कमी पिईल." त्याच संध्याकाळी मिठागराचं पाणी घेऊन तिने प्रयोग केला आणि वायू रेघेला टेकला.

पालीला निघताना गणराज दोन कॅन उचलून गाडीत ठेवत कुरकुरला, "लोक बल्लाळेश्वराला फुलं नेतात, आमी खारा पानी!"

परीक्षकांनी अर्धा लिटर वायू मागितला. प्रणाली म्हणाली, "म्हणजे मोलाचा पन्नासावा भाग, सर. सोडा पावणेदोन ग्रॅमला थोडा कमी."

"पाणी गढूळ दिसतंय. काही मिसळलंस? नळाचं घे."

प्रणाली म्हणाली, "घेते सर. पण कमी भरेल, आधीच सांगते."

कमीच भरला. मग तितकाच सोडा तोलून तिने तोच प्रयोग आमच्या पाण्यावर केला. बुडबुडे थांबले तेव्हा पाणी अर्ध्या लिटरच्या रेघेवर होतं. परीक्षक वाकून बघत राहिले. "हे तुला कोणी सांगितलं?"

"कोणी न्हाय सर. वायू कुठे जातो ते शोधलं."

गर्दीत मागे उभा असलेला गणराज शेजारच्या अनोळखी माणसाला म्हणाला, "पानी आमच्या मिठागराचा हाय." आणि मग जरा मोठ्याने, "नि पोर माजी."

पहिला नंबर एका रोबोटला मिळाला. गणराजला त्याचं काही नव्हतं. परतीच्या वाटेवर त्याने एवढंच विचारलं, "सायन्सचा फॉर्म कदी भरायचा?"

किशोरीबाईंची पुढे म्हसळ्याला बदली झाली, दिवाळीला त्यांचा फोन येतो. एका उधाणात बांध फुटला आणि आमचं मिठागर बंद पडलं. गणराज अजून ट्रेलर चालवतो. केबिनमध्ये गणपतीशेजारी लेकीचा पदवीच्या झग्यातला फोटो आहे. प्रणाली रसायनशास्त्रात एम.एस्सी. करते आहे. सुट्टीत ती आली की गावातल्या पोरी वह्या घेऊन येतात, आमची ओटी भरून जाते. चहा मीच करते, दुसऱ्या कुणाला करू देत नाही.