पंख्याला कुणी सांगितलं?

माझी बहीण निमिया ठार बहिरी. तिला मुलगी झाली आणि तिच्या सासूबाई, डेओलिंदाबाई, बोचकं घेऊन आसुन्सियोन शहरात तिच्या घरी येऊन थडकल्या.

"बाळ रडलं तर हिला कळणार कसं? नवरा तिकडे नदीवर बोटीत. नातीला मी गावी नेते."

निमियाने ओठ वाचले आणि बाळाला घट्ट धरलं. माझं तर डोकंच फिरलं.

यंत्रांना एकमेकांचं बोलणं समजावणं हा माझा धंदा. पाळण्याचा माइक एका कंपनीचा, दिवा दुसरीचा, पंखा तिसरीचा. तिघांची तोंडं तीन दिशांना. 'रडणं ऐकू आलं की दिवा लाव' असा हुकूम सोडणं सोपं होतं. पण दिवाच बिघडला तर? म्हणून मी यंत्रांना नुसते अर्थ सांगितले. रडणं म्हणजे हाक. हाक निमियाला पोचली पाहिजे. तिला ऐकू येत नाही, पण दिसतं, वारा जाणवतो. आता तुमचं तुम्ही ठरवा!

"म्हणजे सगळा देवावर हवाला!" तेरेरेचा, म्हणजे त्यांच्या गार चहाचा, घोट घेत डेओलिंदाबाई म्हणाल्या.

"परीक्षा घ्या ना, मावशी."

घेतली की! दुपारी निमिया बाहेरच्या खोलीत पंख्याखाली झोपली, तशी बाईंनी हळूच दिव्याची वायर काढली. आत बाळ रडायला लागलं. मी दाराआडून बघत होते. दिवा गप्प. मग पंखा थांबला, फिरला, पुन्हा थांबला. अगं बाई! हे मी त्याला शिकवलंच नव्हतं. निमिया दचकून उठली आणि बाळाकडे धावली.

बाईंनी वायर परत लावली. संध्याकाळी आतल्या खोलीत दार लावून बोचकं बांधायला घेतलं.

आम्ही बाहेर बसलो होतो, बाळ निमियाच्या मांडीवर गाढ झोपलेलं. आणि दिवा लुकलुकायला लागला. निमियाने बाळाकडे पाहिलं, मग हातांनी मला विचारलं, कोण रडतंय?

मीही चक्रावले. बाळाचंच रडणं, असं मी यंत्रांना कुठे सांगितलं होतं?

निमियाने दार उघडलं. पाळण्याशेजारी सासूबाई तोंडावर हात दाबून हमसून हमसून रडत होत्या.

"गावी माझ्याशी बोलायला कुणी नाही गं," त्या म्हणाल्या.

निमियाने ओठ वाचले. बाळ त्यांच्या मांडीवर दिलं आणि बोचक्याची गाठ सोडायला बसली.