गाडीच्या मापाचा अंगरखा

चिरंजीव परदेशात नोकरीला निघाले आणि जाता जाता म्हणाले, "बाबा, गाडीकडे तेवढं बघा. मी येतोच."

बाबा म्हणजे जन्मभर शिंपीकाम केलेला माणूस. गाडी चालवता येत नव्हती, पण माप घेता येत होतं. गळ्यात टेप टाकून ते गाडीभोवती फिरले आणि तिला अंगरखा शिवला. दोन आरशांना दोन बाह्या, शिवाय आतून दोन बोटं कापड सोडलेलं.

"हे कशाला?" आईनं विचारलं.

"पुढंमागं अंगानं भरली तर?"

"गाडी?"

बाबा सुईत दोरा ओवत बसले.

बाकी बंदोबस्तही असाच. चाकं दबू नयेत म्हणून गाडी विटांवर चढवली, चाकं अधांतरी. बॅटरी पलंगाखाली गेली. सीटांवर डांबरगोळ्या टाकल्या, ठेवणीतल्या सुटात टाकतात तशा. सायलेन्सरच्या नळीत उंदीर जाऊ नये म्हणून कापडाचा बोळा, तोही कडा दुमडून शिवलेला. शेवटी अंगरखा खालूनही शिवून टाकला. बटण नाही, चेन नाही.

"आता उघडायची कशी?"

"तो आला की उसवू," बाबा म्हणाले.

दर रविवारी फोन यायचा. गाडी कशी आहे? ठणठणीत. उंदीर? हिंमत आहे त्यांची? तू येणार कधी, हे मात्र दोघांतलं कुणी विचारत नसे. नको ते उत्तर आलं तर पुढच्या रविवारी बोलायचं काय?

मग एका रविवारी चिरंजीव म्हणाले, "बाबा, गाडी विकून टाका. नुसती पडून आहे. माझ्या मित्राचे काका बघायला येतील, औषधाचं दुकान आहे त्यांचं."

फोन ठेवून बाबा म्हणाले, "गाडी गेली की तो कशासाठी येणार?"

"आपल्यासाठी," आई म्हणाली. पण तिचाही आवाज जरा उसवलेलाच होता.

औषधवाले आले. बाबांनी सौदा मोडायचाच असं ठरवलं होतं. एकेक टाका त्यांनी इतक्या सावकाश उसवला की पाहुण्यांचा दुसरा चहा झाला.

"तसे दोष आहेत हो गाडीत," बाबा म्हणाले.

"कोणते?"

आता आली का पंचाईत? गाडीतलं काय कळत होतं त्यांना? "उजवीकडे झोळ पडतो," ते म्हणाले. "कंबरेतही जरा ढिली आहे."

औषधवाल्यांनी वाकून गाडीची कंबर शोधली. "विकणारा स्वतःहून दोष सांगतोय, हे पहिल्यांदाच बघतोय. तुमच्यावर विश्वास आहे माझा."

बॅटरी जोडली. औषधवाल्यांनी किल्ली फिरवली. इंजिन खोकलं, आणि सायलेन्सरमधला बोळा तोफेच्या गोळ्यासारखा सुटून शेजाऱ्यांच्या वाळत घातलेल्या चादरीत जाऊन बसला.

"दम आहे," औषधवाले खूश होऊन म्हणाले. उत्साहात गिअर टाकला. चाकं हवेतच गरागरा फिरली आणि गाडी जागच्या जागी सुसाट निघाली. "वा, धक्का म्हणून जाणवत नाही. घेतली मी."

बाबा पायरीवर टेकले. थोडी हयगय केली असती, चार उंदीर येऊ दिले असते, तर आज गाडी कुणी फुकटसुद्धा नेली नसती.

आईनं फोन लावला. स्पीकर चालू ठेवला.

"गाडीचं राहू दे," ती म्हणाली. "तू येणार आहेस का?"

पलीकडे चिरंजीवांनी टीव्ही बंद केला. मग, "भेटायला येईन, आई. दरवर्षी. राहायला नाही जमणार आता."

बाबांनी डोळे मिटून घेतले.

"बरं," आई म्हणाली. "खरं बोललास. आता ऐक, गाडी आम्हालाच ठेवून घ्यायची आहे."

"अगं, चालवणार कोण?"

"मी शिकते. तुझे बाबा बाजूला बसतील आणि एक शब्द बोलणार नाहीत."

चिरंजीव हसले. किती दिवसांनी हसले. "ठेवा मग. तुमचीच समजा."

औषधवाले गाडीतून उतरले. "वहिनी, मग मी निघू?"

"निघा की. पण आधी हिला विटांवरून खाली घ्यायला मदत करा."

औषधवाल्यांनी बाह्या वर सारल्या. गाडी हळूहळू खाली आली, चाकं टेकली. बाबा उठले, गाडीपुढे उकिडवे बसले आणि एक डोळा बारीक करून तिची खालची कड जमिनीशी सरळ आहे का ते बघू लागले.