खांबाला चिकटलेला जॅक

गॅरेजमधून आल्या आल्या अंगणातला होडीचा ट्रेलर बघून ताईच्या तळपायाची आग मस्तकात गेली. सहा वर्षं नटबोल्ट पिळणारी बहीण घरात असताना धाकट्याने परस्पर त्याला दांडी उचलायचा जॅक बसवला होता. आणि कुठे, तर ट्रेलरवरच्या होडी बांधायच्या खांबाला अगदी चिकटून!

हा जॅक काही हौसेचा नव्हता. अर्धांगाच्या झटक्यात बाबांचा उजवा हात गेला, तेव्हापासून ट्रेलरची दांडी उचलून गाडीच्या हुकावर ठेवायला माणूस लागायचा. गाडी आणायचे शेजारचे ड्रायव्हरकाका, पण त्यांची कंबर कधीच कामातून गेलेली. मग धाकट्याला कामावरून बोलवा! शेवटी तो वैतागला. "रविवारी गिऱ्हाईक येतंय. तोवर बाबांनी एकट्याने जॅक फिरवून दांडी उचलली तर होडी राहील. नाहीतर देऊन टाकायची." आणि आज शनिवार होता.

बाबा जॅकपाशी उभे होते. डाव्या हाताच्या बोटांची सालटं निघाली होती.

"कधीपासून चाललंय हे?"

"सकाळपासून. जमेल गं हळूहळू."

जमतंय कसलं, डोंबल! ताईने स्वतः हँडल धरलं. अर्धा फेरा नीट झाला, मग मूठ खाडकन खांबावर आपटली. ती कळवळली आणि तिथूनच ओरडली, "अरे ए दीडशहाण्या, बाहेर ये! बसवताना फिरवून बघितलास का हा?"

"बघितला की. मस्त फिरतो."

"आणि खांब मध्ये आला की?"

"हात बदलायचा. त्यात काय एवढं?"

ताई त्याच्याकडे वळली. "कुठला हात बदलतील ते? रोज सकाळी त्यांच्या शर्टाची बटणं कोण लावतं रे? तूच ना?"

धाकट्याने बाबांच्या सोललेल्या बोटांकडे बघितलं. ताईने पाना त्याच्यापुढे धरला.

"घे पाना. तूच सोडव. आणि उजवा हात खिशात घाल."

"ताई, अगं..."

"खिशात म्हटलं ना!"

पाना दोनदा घसरला. नट जागेवरच गरगर फिरत राहिला, कारण मागून बोल्ट धरायला दुसरा हात नव्हता. धाकट्याचे कान लाल झाले. तेव्हा बाबा खाली वाकले आणि आपल्या सोललेल्या बोटांनी त्यांनी बोल्ट धरून ठेवला.

मग ताईने बाबांनाच हवेत हात फिरवायला लावला. कोपर मोकळं फिरलं तिथे खडूने खूण केली, खांबापासून चांगली दीड वीत पुढे. काकांच्या गाडीचं मागचं दार जॅकला अडणार नाही ना तेही मापून बघितलं. जॅक तिथे बसवून बोल्ट आवळले.

बाबांनी हँडल धरलं. एक फेरा, दोन, दहा. दांडी वर आली. त्यांनी ती खाली घेतली, पुन्हा वर नेली.

"पुरे बाबा, कळलं. राहील होडी," धाकटा पुटपुटला.

"मला नको सांगूस," बाबा हँडल न सोडता म्हणाले. "गिऱ्हाइकाला सांग."