नवाबच्या हातातला पेला

मी एक जुना जोडफोटो आहे. मित्रांनो, जोडफोटो म्हणजे एकाच पुठ्ठ्यावर शेजारी शेजारी चिकटवलेले दोन फोटो. वरवर दोन्ही सारखेच; पण डावा डाव्या डोळ्याला दिसेल तसा काढलेला आणि उजवा उजव्याला दिसेल तसा. दोन भिंगांच्या लाकडी चौकटीतून पाहिलं की दोन्ही मिळून एक होतात आणि आतली माणसं पुठ्ठा सोडून पुढे येतात. आमच्या घरात त्या चौकटीला दुर्बीण म्हणतात. ती दुर्बीण नव्हे, पण मी कुणाकुणाला सांगत बसू?

एकोणिसावं शतक संपता संपता, दक्षिण आफ्रिकेतल्या बोअर युद्धात माझा जन्म झाला. तंबूबाहेर एक जखमी गोरा शिपाई पडला आहे. आपल्याकडचा एक तरुण एका हाताने खेचराचा लगाम धरून दुसऱ्या हाताने त्याच्यापुढे पाण्याचा पत्र्याचा पेला करतो आहे. फोटोवाल्याने हलू नका म्हटलं, तर माणसं हलली नाहीत. खेचराने मान झटकलीच, म्हणून त्याचं तोंड धुरकट आलं. त्या तरुणाचं नाव नवाब. नाव नवाब आणि काम खेचरं हाकायचं, याचं त्याला स्वतःलाच हसू येई. लढाईहून परतल्यावर खडकीच्या छावणीतल्या एका साहेबाने मला त्याच्या हवाली केलं.

तेव्हापासून मी त्याच्याच घरात आहे. हल्ली आम्ही चिखलीत राहतो. खाली लेथचं वर्कशॉप, वर घर. ईदला शीरखुर्मा झाला की पोरं हात धुऊन रांगेत उभी राहत आणि एकेकजण दुर्बिणीला डोळे लावी. नवाबची नात ताजुन्निसा चार वर्षांची असताना तो पेला घ्यायला हात पुढे करून बसली होती, तहान लागली म्हणून. तेव्हा नवाब हयात होता. तो हसला आणि त्याने तिला खरोखरचं पाणी आणून दिलं. मला इतका मान पुन्हा कुणी दिला नाही.

आता ताजुन्निसा स्वतः दादी झाली आहे. सहा वर्षांपूर्वी काचबिंदूने तिचा डावा डोळा नेला. एका डोळ्याने पाहणाऱ्याला मी साधा सपाट फोटो. आजोबा भिंतीला चिकटल्यासारखे दिसतात, असं म्हणून तिने मला ट्रंकेत ठेवून दिलं. त्यांना एकदा पुढे आलेलं पाहायचं, एवढंच तिचं मागणं उरलं होतं.

तिची नात फरहीन संत तुकाराम नगरात एका अ‍ॅनिमेशनच्या ऑफिसात कामाला आहे. चाकणच्या कंपन्यांसाठी प्रेस मशीनमध्ये हात कुठे घालू नये, असल्या फिल्म ती बनवते. तिने दादीला समजावलं की डावा आणि उजवा फोटो आलटूनपालटून दाखवले की जवळची वस्तू जास्त हलते, लांबची कमी. मग एका डोळ्यालाही खोली कळते. ईदला आजोबा टीव्हीवर पुढे येतील आणि आपण त्यात काहीही बदलणार नाही, असा शब्द तिने दिला. ताजुन्निसाने मला रुमालात बांधून तिच्या हाती सोपवलं. मीही आनंदाने गेलो. कुठून बुद्धी झाली, असं आज वाटतं.

फरहीनचा साहेब रविराज पूर्वी कंपनीत मालाची तपासणी करायचा. वाकलेला पत्रा दिसला की बाद, हीच त्याची नजर. आता मी मुळातच जरासा वाकवलेला आहे. दुर्बिणीत खोली उठून दिसावी म्हणून आम्हाला तसंच बनवत. पण हा ओलीने वाकलाय म्हणत त्याने मला लोखंडी ठोकळ्याखाली दाबलं. मला मधोमध तडा गेला आणि तो डाव्या फोटोत, नवाबच्या हातापर्यंत शिरला. आता तड्यावरून कापा, दोन्ही तुकडे स्कॅनरवर सपाट बसतील, असं साहेबांनी फर्मावलं. कटर फरहीनने चालवला, मित्रांनो. तिने. डाव्या फोटोतला पेला भुगा होऊन टेबलावर पडला आणि तिने तो फुंकरीने उडवला.

उजव्या फोटोतून पेला उचलून डावीकडे बसवणं हे दोन तासांचं काम, असं ती म्हणाली होती. रविराज म्हणाला, पाणी पाजणारा माणूस कोण बघतंय? हात रिकामाच आहे, तर बंदूक दे. ऑफिसच्या जाहिरातीलाही होईल. तिने एक दिवस नाही म्हणून मान हलवली. दुसऱ्या दिवशी बंदूक दिली.

ईदला घर भरलं होतं. टीव्हीवर खेचर उधळलं, तंबू पेटला आणि नवाब खरंच पुढे आला, गोळ्या झाडत. शेजाऱ्यांनी टाळ्या वाजवल्या. ताजुन्निसा पडद्याजवळ गेली.

"पाणी कुठंय?" तिने विचारलं.

फरहीन म्हणाली, लोकांना लढाई बघायची असते दादी.

"लढाईत जाऊन त्यांनी कुणाला मारलं न्हाई, फरहीन. आमच्याकडं त्यांचं सांगण्यासारखं एवढंच हाय."

फरहीन खूप रडली. ते दोन तासांचं काम तिने त्याच आठवड्यात केलं. पेला बसवला, बंदूक काढली आणि मोबाईल दादीपुढे धरला. मी शेजारीच दोन तुकडे होऊन पडलो होतो. नवाब पेला घेऊन अगदी पुढे आला होता, थेट पूर्वीसारखा. पण ताजुन्निसाने तोंड फिरवलं.

"आता तू काय बी दाखीव. ह्यातलं खरं कुठलं आन तू बसवलेलं कुठलं, मला कसं कळावं?"

हे खरं आहे, असं मी ओरडून सांगितलं असतं. पण त्यातला एक पेला बसवलेलाच होता.

मित्रांनो, आम्हा जुन्या फोटोंना हलवा, चालवा, माझी ना नाही. पण आधी घरातल्या म्हाताऱ्या माणसापाशी बसून विचारा की यात काय आहे, आणि ते सांगतील तेवढं जागच्या जागी राहू द्या. माझे तुकडे सुमनताईंनी, शेजारच्या शाळेतल्या बाईंनी, पट्टी लावून जोडून दिले आहेत. दुर्बीणही शाबूत आहे. मात्र त्या दिवसापासून ताजुन्निसाने आपल्या आजोबांना पाहायला मागितलेलं नाही.