सभागृह बंद असतानाची इतिवृत्तं

राजधानीच्या नगरसभेत भाषणं ठोकणारे पुष्कळ होऊन गेले, पण अठ्ठावीस वर्षं ती लिहून घेणारा माणूस एकच. त्यांना सगळे ठरावमामा म्हणत. सव्वाशे वर्षांची इतिवृत्तं त्यांच्या कपाटात होती. पहिल्या सभेत निवडून आलेले जेमतेम सात जण होते आणि त्यांनी शहरातला पहिला रस्त्याचा दिवा नगरसभेच्याच दारात लावून घेतला, हे मामांना तोंडपाठ होतं.

मग वरच्या सरकारनं नगरसभा बरखास्त केली आणि प्रशासक नेमला. निवडणूक लवकरच होणार होती. त्या 'लवकरच'ला चार वर्षं लागली. शहराचं काही अडलं नाही. नळाला पाणी येई, कचरा उचलला जाई. मामा रोज रिकाम्या सभागृहात येऊन पेन्सिलींना टोक करत बसत.

एका सकाळी इस्त्रीचं दुकान चालवणारी एक बाई आत आली. तिच्या दारासमोर चर खणून ठेवला होता आणि सासूला महिनाभर घराबाहेर पाऊल टाकता आलं नव्हतं. प्रशासकाच्या कचेरीत तिला अर्ज पेटीत टाकायला सांगितलं होतं.

"टाकला की," ती म्हणाली. "पण पेटी हो म्हणत नाही, नाही म्हणत नाही. कुणीतरी ऐकून तर घ्या."

मामांना अधिकार काडीचा नव्हता, पण वही होती. त्यांनी तारीख घालून तिचं म्हणणं शब्दन्‌शब्द लिहिलं आणि हाताच्या सवयीनं खाली 'सभागृहाने नोंद घेतली' असंही लिहून टाकलं. शिक्का मारलेली नक्कल प्रशासकाकडे गेली. नगरसभाच नाही, तर हा कागद आला कुठून, हे तिथे कुणी विचारलं नाही. आठवड्यात चर बुजला.

गोष्ट कर्णोपकर्णी झाली. दर मंगळवारी बाकांवर माणसं येऊन बसू लागली. एकाचं संपल्याशिवाय दुसरा तोंड उघडत नसे. अशी शिस्त त्या सभागृहाला नवीन होती. मामांची बायको म्हणे, एक दिवस नोकरी घालवून बसाल. मामा हसण्यावारी नेत.

अखेर निवडणूक झाली. नव्या सभासदांनी वही उघडली, तर सभा दीडशे, हजर सभासद शून्य, झालेली कामं एकशे चाळीस. सत्ताधारी आणि विरोधक, दोघांचंही पित्त खवळलं. लोकनियुक्त सभेचा अवमान केल्याबद्दल कर्मचाऱ्याची चौकशी करण्याचा ठराव एकमतानं मंजूर झाला. एकमत होण्याची ती पहिलीच वेळ. ठराव लिहून घ्यायला अर्थातच मामा बसले होते. महापौरांनी त्यांचं आडनाव चुकवलं, ते मामांनी अदबीनं दुरुस्त करून घेतलं.

हात वर करणाऱ्यांत इस्त्रीवाली बाईही होती. त्याच चराच्या जोरावर ती निवडून आली होती. सभा संपल्यावर ती मामांच्या टेबलाशी घुटमळली.

"पक्षाचा आदेश होता, मामा. मनातून मला पटलं नव्हतं. तेवढं लिहाल?"

"मनातलं इतिवृत्तात येत नाही, बाई," मामा म्हणाले. "हात वर झाला, एवढंच येतं."

ती मान खाली घालून गेली. मामांनाच मग वाईट वाटलं. वही मिटून त्यांनी दिवे मालवले आणि घरी जाऊन बायकोला एवढंच सांगितलं, की आज सभागृह पुन्हा सुरू झालं.