आईला खांदा

फोन आमच्याच बाजूच्या माणसाचा होता, बोलण्याच्या धाटणीवरून कळलं. "नवऱ्याला सांग, त्या बाईच्या आईच्या मयतीला गेलास तर पाठोपाठ तुझीही निघेल."

ती बाई म्हणजे डर्व्हला मॅकॅनेस्पी, शिक्षणमंत्री. माझा वेस्ली शेतीमंत्री. आम्ही प्रोटेस्टंट, ती कॅथलिक; उत्तर आयर्लंडच्या स्टॉरमाँट सरकारात दोघांनी मिळूनच बसायचं. एका बाजूने खुर्ची सोडली की दुसऱ्या बाजूचीही जाते. काल एकमेकांना पुरणारी माणसं आज एका टेबलाशी चहात बिस्किटं बुडवतात. माझा पोलीस भाऊ डर्व्हलाच्याच लोकांनी मारला. मला नाही जमत ती बिस्किटं गिळायला.

"जाऊ नकोस," मी म्हटलं.

"नाही गेलो तर ती उद्या शेजारी बसेल का? आणि ती उठली की सगळंच उठलं, हेझल."

"उठू दे! सरकार दुसरं येतं, नवरा येत नाही."

"येतो की. शेजारचा बिली काय उगाच कुंपणाशी घुटमळतो?"

मला हसू आलं नाही. धरलं तर चावतं, सोडलं तर पळतं, अशी गत. शेवटी त्याच्याकडून कबूल करून घेतलं, की चर्चच्या फाटकाशी उभं राहायचं, शवपेटी बाहेर आली की मान लववायची आणि घरी यायचं. आत, कॅथलिक प्रार्थनेला, तर आमची माणसं तशीही जात नाहीत. मी बरोबर गेले. पोलीस पहारा होता, पण पिस्तूल माझ्या भावाकडेही होतं.

पेटी बाहेर आली. इकडे ती गावातून पायी नेतात आणि खांदेकरी वाटेत बदलत राहतात. पेटी कलू नये म्हणून उंचीला उंची जुळवतात, आणि जोडीतले दोघं एकमेकांच्या खांद्यावर हात टाकून चालतात. डर्व्हलाचा भाऊ काहल ताडमाड. खुनासाठी जन्मठेप झालेला आणि शांतता करारानंतर सुटलेला. त्याच्या उंचीचा दुसरा कोणी सापडेना.

मयतीची व्यवस्था बघणारा माणूस परगावचा. त्याला चेहरे ठाऊक नव्हते, तो फक्त उंची बघत होता. "अहो उंच साहेब! हो, तुम्हीच. या इकडे."

सगळ्या माना वळल्या. वेस्लीने माझ्याकडे पाहिलं. मी मानेने नाही म्हटलं, स्पष्ट नाही म्हटलं. त्याने ते पाहिलं आणि तो गेला. मला त्याचा इतका राग आला, की क्षणभर भीतीही विसरले.

भीती लगेच परत आली. वेस्ली रस्त्याच्या बाजूला होता, अगदी उघड्यावर. काहल भिंतीच्या बाजूला.

"बाजू बदलू, मंत्रीसाहेब," काहल म्हणाला. "तुम्ही भिंतीकडे या."

"अहो, आता ऐन वेळी कशाला?" व्यवस्थापक कुरकुरला.

"माझी आई आहे. मी म्हणेन त्या खांद्यावर घेईन."

बाजू बदलल्या. वेस्लीचा हात त्याच्या खांद्यावर, त्याचा वेस्लीच्या. मी फुटपाथवरून बरोबर चालत होते. मोटारीचा आवाज आला की दर वेळी वळून बघत होते. तेव्हा दिसलं, की आई खांद्यावर असताना काहल पेटीकडे बघतच नव्हता. बंद दुकानाची वरची खिडकी. बँकेचं छत. गल्लीच्या तोंडाशी उभी असलेली व्हॅन. बंदूकवाला कुठे दबा धरतो, ते त्याला बरोब्बर ठाऊक होतं. कसं ठाऊक, ते मला ठाऊक होतं. माझ्या भावालाही कोणीतरी असंच वरच्या खिडकीतून पाहिलं होतं.

खांदेकरी बदलले. काहल डोळे पुसत माझ्यापाशी आला. "बाई, याला घेऊन जा आता. आणि गावातून नको, टेकडीच्या रस्त्याने जा."

"तो तर तुमच्या वस्तीतून जातो," मी म्हटलं.

"म्हणूनच."

वेस्लीने गाडी सुरू केली आणि सवयीने आमच्या गल्ल्यांकडे वळवायला लागला. लहानपणापासूनच्या माझ्या गल्ल्या, ओळखीची दारं, बिलीचं दुकान. मी त्याचा हात धरला.

"टेकडीने चल," मी म्हटलं.