देवाच्या कोंबड्याचं रक्त

सोनियाच्या पत्राला मी उत्तर लिहिलं नव्हतं. काय लिहिणार होतो?

आष्ट्याच्या कॉलेजात ती माझी विद्यार्थिनी. आता पुण्यात पीएचडी करते. जतकडच्या धोंडुबाईच्या काळ्या कोंबड्यांच्या हिमोग्लोबिनचं जनुक तिनं क्लोन करून, म्हणजे त्याच्या प्रती काढून, वाचलं, तर एका जागी डीएनएचं अक्षर निराळं निघालं. दुसऱ्या कुठल्या कोंबडीत ते सापडलेलं नव्हतं. मार्गदर्शक म्हणाले, प्रत काढताना झालेली चूक असेल. नमुना संपला होता. ‘सर, त्याच वंशाच्या पक्ष्याचं थेंबभर रक्त पाठवा, नाहीतर सगळं काम गेलं,’ असं तिनं लिहिलं होतं.

पण कोंबड्यांच्या मानमोडीच्या साथीत धोंडुबाईचं खुराडं रिकामं झालं होतं. उरला एक कोंबडा, तोही देवाला सोडलेला, जत्रेत कापायचा. तिचा मुलगा दादासो फौजेतून सुखरूप आला म्हणून. मी तिच्या दारात जाऊन थेंबभर रक्त मागितलं.

“आवं मास्तर, देवाच्या कोंबड्याला सुई? नवस बाटंल की!”

मी मान डोलावली आणि परत आलो. वाद घालणं मला कधी जमलंच नाही.

जत्रेला मात्र गेलो, खिशात गाळणकागद घेऊन. कापल्यावर दगडावरचं रक्त टिपायचं, असा विचार होता. देवळापुढचा दगड बघितला. सगळ्यांचे कोंबडे तिथंच कापत होते. कुठलं रक्त कुणाचं, कसं कळणार? मी गर्दीच्या मागं उभा. धोंडुबाईचा कोंबडा पुढं आला. सुरी उचलली गेली.

“थांबा!”

आवाज माझाच होता.

“कोण रं ह्यो म्हातारा?” कुणीतरी हसलं. “रस्सा पायजे आसंल!”

मी धडपडत पुढं गेलो. “धोंडुबाई, सुई नाही लावत. कापल्यावर मानेला हा कागद तेवढा लावू द्या. दुसरा पक्षी नाही हो उरला.” मी खिशातला कागद पुढं केला.

“पयली धार देवाची,” ती म्हणाली. “मागनं लावा. आन् हात लांब ठिवा, न्हाईतर तुमचंच रगत जाईल पुण्याला.”

कागदावरचे रक्ताचे ठिपके सावलीत वाळवले. कागदाची कड दगडाला टेकली तर नसेल? ही शंका एसटीत बसल्यावरही जाईना.

सांगलीच्या पोस्टात उभ्या उभ्या लिहिलं: ‘सोनिया, उशीर झाला. कडेचे ठिपके सोड, मधलेच वापर. हे फुकट गेलं तर माझ्याकडं पाठवायला काही नाही.’

काउंटरवरच्या बाईंनी शिक्का मारला आणि पाकीट मागच्या पोत्यात टाकलं.